करड्या पिल्लाच्या बाई

मुलगी शिकायला दूर गेली आणि घरात अशी शांतता पसरली की नवऱ्याला स्वतःचं घास चावणंसुद्धा ऐकू येऊ लागलं, तेव्हा एके दिवशी जेवताना त्यानेच मांजराचा विषय काढला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर अनोळखी माणसांच्या हाती जीव सोपवून शेजारी बसायचं म्हणजे सतत बोलत राहावं लागतं, आणि ती सवय घरी आल्यावर सुटत नसे. बायको मात्र मुळातच अबोल, आणि मुलगी गेल्यापासून तर तिच्या तोंडून हं-नाहीच्या पलीकडे फारसं काही निघेनासं झालं होतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. कामाच्या जागी तिच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले असत, त्यांच्यावर मेण चढवून एकेक दात बसवता बसवता तिचा दिवस मावळे. "जगाला दात देते, स्वतः मात्र ओठ उघडत नाही," असं नवरा पाहुण्यांना सांगे, आणि तीही हसे.

मांजरं वाढवून पिल्लं विकणाऱ्या एका बाईंचा नंबर त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या कुणीतरी दिला. या बाई पूर्वी परिचारिका होत्या आणि पिल्लू घ्यायला आलेल्या माणसाची त्या नवऱ्यामुलासारखी चौकशी करत. खिडक्यांना जाळी आहे का, घरात कुणी आरडाओरडा करतं का, गावाला गेलात तर कोण बघेल. मांजरी नुकतीच व्याली होती. एक करडं आणि एक पांढऱ्या पायांचं अशी दोन पिल्लं बायकोच्या नावाने ठेवायची ठरली, पण आईचं दूध सुटेपर्यंत ती मिळणार नव्हती. तोवर तुमचा वास ओळखीचा होऊ दे, म्हणून बाईंनी तिचा जुना स्वेटर मागवून घेतला. मग फोटो येऊ लागले. मिटलेले डोळे, उघडलेले डोळे, स्वेटरच्या बाहीत शिरलेलं करडं. ती ते कामाच्या मधल्या सुट्टीत पुन्हापुन्हा बघे, आणि कित्येक दिवसांनी आपण कशाची तरी वाट बघतो आहोत याचं तिला नवल वाटे.

एकदा ख्यालीखुशाली विचारायला तिने फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या की, काल तुम्ही सुचवलंत तसा स्वेटर खिडकीजवळ हलवला आणि पिल्लं खरोखरच शांत झोपली. तिने असं काही सुचवलं नव्हतं. काल तिने फोनच केला नव्हता. बाईंकडे बरीच गिऱ्हाइकं, त्यात झाली असेल गल्लत, असं मनाशी म्हणून ती गप्प राहिली. कुणाची चूक दाखवायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं.

पुढच्या वेळी मात्र बाईंनी जाता जाता एक सल्ला दिला. म्हणाल्या, "कामावरून आल्यावर तुम्ही कुलूप न काढता जिन्यात उभ्या राहता ना, ते तेवढं सोडा. पिल्लांना पावलं कळतात. दार उघडलं नाही की ती कावरीबावरी होतात."

ती खरंच उभी राहत असे. किल्ली हातात धरून, आतल्या शांततेचा अदमास घेत, थोडा वेळ. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलीला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, तुम्ही त्या बाईंशी बोललात का. तो नाही म्हणाला. तिचा फोन घेऊन त्याने पाहिलं, तर त्यात तिला आठवत होते तेवढेच फोन होते. "कामाच्या जागच्या फोनवरून केला असशील आणि विसरली असशील," तो म्हणाला, "आणि बोललीस तर बिघडलं कुठे? काल माझ्याशी बोललीस तशी बोलत जा गं. किती बरं वाटलं मला." काल ती डोकं दुखतंय म्हणून न जेवता लवकर झोपली होती. हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण तो शीळ घालत ताटं विसळत होता. बऱ्याच महिन्यांत त्याने शीळ घातली नव्हती. तिने तोंड मिटलं.

त्यानंतर तिचं कामात लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीत तिने दाढा उलटसुलट बसवल्या आणि मालकाची बोलणी खाल्ली. आपणच बोलतो आणि विसरतो का, हे तिला कळेना. आणि आपण बोलत नसू तर जी बोलते ती इतकं नेमकं कसं बोलते, हेही कळेना. शेवटी धीर करून तिने बाईंना सांगितलं की यापुढे माझ्या आवाजात कुणाचा फोन आला तर विश्वास ठेवू नका.



"तुम्हीच सांगितलं होतंत," पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, "असा फोन येईल म्हणून."

पिल्लं आणायचा दिवस उजाडला तेव्हा नवरा सोबत यायला तयार होता, पण तिने नको म्हटलं. टोपली घेऊन ती एकटीच गेली. बाईंनी दार उघडलं, तिला नीट न्याहाळलं आणि आत घेतलं खरं, पण टोपली मात्र दाराबाहेरच ठेवायला सांगितली. खोली ऊबदार होती, दुधाचा वास येत होता. दोन्ही पिल्लं खिडकीजवळ स्वेटरवर पहुडली होती. फोटोत पाहिली त्याहून ती लहान होती. तिचा ऊर भरून आला. गुडघ्यांवर बसून तिने त्यांना हलकेच हाक मारली, आणि तिचा आवाज कानावर पडताच दोन्ही पिल्लं अंग फुगवून कपाटामागे पळाली.

"अशी करत नाहीत कधी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला, जसा एखाद्या रोग्याच्या नातेवाइकाला द्यावा.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पडद्यावर बाईंनी तिच्या नंबराला दिलेलं नाव होतं, करड्या पिल्लाच्या बाई. तिने घाईघाईने पर्समधून आपला फोन काढला; तो तिच्या हातात काळाठिक्कर, मुका पडला होता.

बाईंनी फोन कानाला लावला. पलीकडून कुणी बोलत होतं, सावकाश, मायेने. शब्द कळत नव्हते, पण चढउतार ऐकू येत होता, आणि ऐकता ऐकता तिला वाटलं की आपल्याला असं बोलता आलं असतं तर. कपाटामागून आधी करडं बाहेर आलं, मग पांढऱ्या पायांचं. शेपट्या उभारून ती बाईंच्या पायाशी आली आणि फोनकडे तोंड वर करून बसली.

"हो, आल्यात," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "नाही, दिली नाहीत. बसल्यात इथेच. नाही हो, काही त्रास नाही त्यांचा."

मग त्यांनी फोन खाली ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"निघाल्यात त्या," बाई म्हणाल्या. "तुम्हाला न्यायला."