हनुवटीला खाच नसलेला साप

“आधी हनुवटी बघायची, मग ओरडायचं.”

रोपवाटिकेत पहिल्यांदा साप पाहून मी किंचाळले, तेव्हा ह्यांनी असं बजावलं होतं. हे तिथले माळी. बोटाएवढा जाड, बोथट तोंडाचा, टपोऱ्या डोळ्यांचा तो साप त्यांनी तळहातावर उलटा करून दाखवला. बहुतेक सापांच्या हनुवटीखाली मधोमध खाच असते, ह्याला नव्हती.

“गोगलगायी खातो बिचारा. उजव्या जबड्यात दात जास्त. शंख न फोडता आतलं ओढून काढतो. तुला काय करणार?”

“मी काय गोगलगाय आहे?”

“चालीनं आहेस.”

आज तसाच एक कुंड्यांमागे ठेचलेला दिसला. पहारेकरी काठी मिरवत होता.

“फणा काढला होता, वहिनी!”

“फणा कुठला? घाबरला की डोकं चपटं करतो तो.”

तेवढ्यात मालक आले. “माळीबुवा अंथरूण धरून बसलेत, इकडे गोगलगायींनी रोपं फस्त केली. वर हे साप पोसून ठेवलेत!”

“मालक, ह्यांनी तुम्हाला हातावर घेऊन दाखवला होता. तुम्ही बोट लावून पाहिलात.”

“मग गिऱ्हाइकांना हनुवट्या दाखवत बसू? हे साप ज्यात राहतात, तो मागचा पाल्याचा ढीगच उद्या सकाळी पेटवा.”

जिभेनं कुणाला दुखवणार नाही, असं मी रोज देवापुढे म्हणते. आज दातावर दात दाबून धरले. रोपं राखणाऱ्याला ठेचायचं आणि नासाडीचं खापर उठता न येणाऱ्या माणसावर फोडायचं! शेवटी हळूच म्हटलं, “तुमची रोपं ह्या दोघांनी राखली, मालक. एकाचीही चाड ठेवली नाहीत.”

ते घड्याळ बघत निघून गेले.

मागच्या खोलीत ह्यांना सगळं ऐकू आलं होतं.

“पोट कसं होतं गं त्याचं?”

“सैल. लोंबल्यासारखं.”

“मग मादी. अंडी घातली असणार, ढिगाच्या ओल्या बाजूला. मला उठव.”

उठवलं. पाय टेकेनात. घामाघूम होऊन ते पुन्हा आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

“अहो, मी आणते ना.”

“अंडी उलटीपालटी करू नकोस. पडली असतील तशीच उचल. फिरवलं तर पिल्लू आतच मरतं.”

“नाही फिरवणार. शब्द देते.”

पसरट टोपलीत ओली माती घातली, दार हलकेच लोटलं आणि उजेड आहे तोवर ढिगाकडे निघाले.