भुऱ्याची खोड

नवरा ऊसतोडीला गेल्यापासून दैवशाला राणीसावरगावच्या शिवारातल्या आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, एकटीच राहत असे, आणि रात्रीबेरात्री तिला आधार होता तो केवळ भुऱ्या कुत्र्याचा. परंतु त्याला शेळ्या धरण्याची खोड लागली होती. दरवेळी ती भाकरी दाखवून शेळी सोडवून घेई. शेजारच्या रामहरीने मात्र निक्षून सांगितले होते, की आपल्या आणखी एका शेळीला इजा झाली, तर कुत्रे जिवंत राहणार नाही.

आज भुऱ्याने करडाचा पाय धरला. रामहरी काठी उगारून बांधावरून धावत आला. दैवशालेने सवयीने भाकरी पुढे केली.

“वाढा, वहिनी, वाढा,” रामहरी धापा टाकीत म्हणाला. “शेळी धरली की ताट तयार. जावई हाय का ह्यो तुमचा?”

तिचा हात जागीच थबकला. ही खोड आपणच लावली, हे तिला त्या क्षणी उमगले. भाकरी द्यावी, तर तो उद्या पुन्हा धरणार. न द्यावी, तर काठी आताच बसणार. तिने भाकरी ओच्यात खोचली, गुडघे टेकले आणि दोन्ही हात भुऱ्याच्या जबड्यात घातले. दात तळव्यात रुतले, पण करडू सुटून उभे राहिले.

रक्ताळलेला हात तिने पदराखाली घेतला. “बघा भावजी, कुठं लागलं न्हाई त्याला.”

रामहरीने करडाचा पाय चाचपला आणि काठी खाली केली. “उद्या बी शेळ्या ह्याच वाटेनं नेणार हाय मी.”

“न्या,” ती म्हणाली. भुऱ्या तिच्या ओच्याकडे पाहत शेपूट हलवीत होता.