कारण : इतर

बँकेत त्याला सगळे ‘परिपत्रक’ म्हणत. परकीय चलनाच्या खिडकीत बसून त्याला एकोणीस वर्षं झाली होती. कुठलं परिपत्रक कधी निघालं आणि त्यातलं कुठलं कलम कुठल्या कलमाच्या मुळावर आलं, हे त्याला तोंडपाठ होतं. देशात परकीय चलनाची टंचाई झाल्यापासून त्या खिडकीपुढची रांग फाटकाबाहेर जाऊ लागली. पासपोर्ट असलेल्या माणसाला वर्षातून एकदा ठरावीक रक्कम बदलून किंवा बाहेर पाठवून मिळे. पासपोर्टावर शिक्का बसला की पुढच्या जानेवारीपर्यंत हात चोळत बसायचं. खात्यात स्वतःच्या घामाचा पैसा असला तरी सीमेपलीकडे तो रद्दीच्या मोलाचा. अर्जावर कारणांचे रकाने होते: शिक्षण, उपचार, प्रवास, व्यापार आणि शेवटी ‘इतर’. ‘इतर’वर खूण केलेला अर्ज मुख्य कार्यालयात जाई आणि महिन्याच्या आत कधी परत येत नसे.

लोक खिडकीशी रडत, हात जोडत, शिव्याही घालत. तो चष्मा वर सरकवून म्हणे, “माझ्या हातात काही नाही हो.” त्याने कधी लाच घेतली नाही, कधी ओळख पाहिली नाही. समोरच्या फुटपाथवर, ऊन असो नसो, काळी छत्री उघडून एक माणूस उभा असे. दुप्पट भाव मोजला की तो हवं ते चलन देई. त्या छत्रीवाल्याला परिपत्रकाने दोनदा पोलिसांकरवी हुसकावलं होतं.

एका मंगळवारी डबा उघडताना फोन वाजला. परदेशात वेल्डरचं काम करणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाचा नंबर होता. धाकटा म्हणजे चेष्टेखोर प्राणी. फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, “काय दादा, आज किती जणांना रिकाम्या हातांनी घालवलंस?” पण आज आवाज दुसरा होता. धाकट्याचा मुकादम बोलत होता.

“दादा, तो सकाळी उठलाच नाही. आम्हाला वाटलं, दमलाय, झोपू दे जरा. दहा वाजता हाक मारली, तर...”

डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. ठेकेदाराने हात झटकले. मृतदेह विमानाने पाठवायला जी रक्कम लागत होती, ती एका माणसाच्या वर्षाच्या मर्यादेच्या तिप्पट होती, आणि द्यायची तिथल्या चलनात. शवागार बारा दिवस थांबणार होतं.

थोरल्याने घरी जाऊन आईला सांगितलं. आईला ऐकू कमी येई. तिच्या कानातलं यंत्र परदेशातून मागवलेलं होतं. त्यापायी थोरल्याच्या बायकोची या वर्षाची मर्यादा फेब्रुवारीतच संपली होती. आईला तर पासपोर्टच नव्हता. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “कधी आणतोस त्याला?”

“बघतो, आई.”

“बघतो काय? तू तर खिडकीतच बसतोस ना रे? तुला कोण अडवणार?”

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच अर्ज भरायला घेतला. उपचार म्हणावा, तर औषधाची वेळ टळून गेली होती. प्रवास म्हणावा, तर मेलेला माणूस प्रवास करतो की नाही, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. त्याने ‘इतर’वर खूण केली आणि अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिला.

साहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, अर्जावर लाल शाईने ‘तातडीचे’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, “यापुढे माझ्या हातात काही नाही हो.”

त्याचंच वाक्य, त्याच चालीतलं. तो उठला आणि आपल्या खिडकीत जाऊन बसला.

पाचव्या दिवशी भर दुपारी तो रस्ता ओलांडून गेला.

“या साहेब,” छत्रीवाला हसला. “आज पोलिसांना नाही आणलंत?”

त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता छत्रीवाल्याचं हसू मावळलं.

“तुमच्याकडून दुप्पट नाही घेणार. मला पडतो तोच भाव. तिथे माझा माणूस आहे, तो परवा मुकादमाच्या हातात रोख ठेवेल. उद्या बाराला पैसे घेऊन या.”

“आणि नाही ठेवली तर?”

“साहेब, माझा धंदाच विश्वासावर चालतो. तुमच्या बँकेत तरी दुसरं काय आहे?”

दुसऱ्या दिवशी त्याने आयुष्यभराच्या शिल्लकीतला मोठा हिस्सा काढून कापडी पिशवीत घातला आणि बारा वाजता तो बँकेच्या पायरीवर आला. समोर छत्री दिसत होती. मध्ये फक्त रस्ता. दाराशी रखवालदार होता, काचेआडून दोन सहकारी पाहत होते, की त्याला तसं वाटलं. बँकेचा नोकर असा व्यवहार करताना सापडला तर नोकरी जाते, निवृत्तिवेतन जातं, वर तीन वर्षं कैद. ते कलम त्याला इतकं पाठ होतं की त्यातले स्वल्पविरामसुद्धा आठवत होते. पाय उचलेना. छत्रीवाल्याने एकदा मान वर करून पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली, ओळख नसल्यासारखी.

उद्या, असं मनाशी म्हणत तो आत गेला.

उद्या उजाडला, तेव्हा छत्री नव्हती. पहाटे धाड पडली होती आणि चार जणांना उचललं होतं. शेजारच्या खिडकीतला कारकून खुशीत म्हणाला, “सुंठीवाचून खोकला गेला, परिपत्रक! तुमच्या डोक्याचा ताप मिटला.”

अकराव्या दिवशी त्याने मुकादमाला फोन लावला. “तिथेच...” एवढंच म्हणाला.

“समजलो, दादा. आम्ही आहोत सगळे.”

दफनाच्या आणि शवागाराच्या खर्चाला त्याची स्वतःची मर्यादा कशीबशी पुरणार होती. त्यासाठी ‘इतर’ लिहून चालणार नव्हतं. म्हणून त्याने ‘प्रवास’वर खूण केली आणि तपशिलात लिहिलं, ‘निवासाचे आगाऊ भाडे’. एकोणीस वर्षांतला त्याचा पहिला खोटा अर्ज. शेजारच्या कारकुनाने तो वाचला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि न बोलता शिक्का मारला.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगे, “माझ्या थोरल्याने जिवाचं रान केलं हो. पण सरकारपुढे कुणाचं काय चालतं!” तो आतल्या खोलीत बसून ऐके. आठ दिवस ऐकलं. मग एका दुपारी ती भाजी निवडत असताना तिच्यापुढे जाऊन बसला.

“आई, एक वाट होती. मी पैसेही काढले होते. पायरीपर्यंत गेलो. पुढे पाऊल उचललं नाही. भ्यालो मी.”

आईने हातातली जुडी खाली ठेवली. कानातलं यंत्र काढलं आणि फळीवर ठेवून दिलं. चार दिवस ते तिने कानात घातलं नाही. तो समोरून गेला तरी ती खिडकीबाहेर पाहत राही. बायको मध्ये पडायला गेली, तर त्यानेच तिला हाताने थांबवलं.

पाचव्या दिवशी सकाळी तिने यंत्र घातलं आणि एवढंच म्हणाली, “माझा पासपोर्ट काढ.”

पासपोर्ट यायला पाच आठवडे लागले. त्याच सुमारास मुख्य कार्यालयातून ‘इतर’चा अर्ज परत आला. शेरा होता, ‘ज्याच्यासाठी रक्कम हवी, त्याची स्वाक्षरी नाही.’ परिपत्रकाने तो कागद सरळ घडी करून खिशात घातला. कुणाला दाखवला नाही.

आईच्या मर्यादेत एकाच माणसाचं जाणं-येणं बसत होतं. जन्मात कधी विमान न पाहिलेली ती बाई एकटी गेली आणि आठवड्याने परत आली. तो न्यायला गेला होता. गर्दीतून ती सावकाश बाहेर आली, वाळलेली, पण ताठ.

“मुकादम भला माणूस आहे,” बाकावर टेकत ती म्हणाली. “जागा उंचावर आहे. वारा फार. नावाची पाटी त्यानेच लावली, लोखंडाची. सगळ्यांनी मिळून जोडली म्हणे.”

त्याने मान हलवली.

“मी मूठभर माती टाकली. ते म्हणाले, थोरल्याच्या नावानेही एक टाका. नाही टाकली मी. ती तुझी तू टाकायची.”

त्याने तिची पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

“जानेवारीत मिळेल ना तुला शिक्का?”

“मिळेल.”

“मग झालं,” आई म्हणाली आणि उठण्यासाठी तिने त्याच्यापुढे हात केला.