फोटोत नसलेली होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. नौका नव्हे, होडी. हा फरक मला जन्मभर इतक्या जणांनी ऐकवला आहे की आता मी आपणहूनच सांगून टाकते. लांबी नऊ फूट, दोन वल्ही, दोन बाक आणि मागच्या फळीत एक फट, जिच्यातून आता-आतापर्यंत पाणी आत यायचं. शीड नाही, डोलकाठी नाही, त्यामुळे कौतुकही नाही.

दातांच्या एका डॉक्टरांनी बंदरावरच्या सुताराकडून शिडाची नौका बांधून घेतली. तीन वर्षं ते काम चाललं. डॉक्टर दवाखाना बंद करून रोज यायचे, फळ्यांवरून हात फिरवायचे आणि सुताराला नको त्या सूचना द्यायचे. नौका पुरी झाली तेव्हा कोपऱ्यात थोड्या फळ्या उरल्या होत्या. सुतार म्हणाला, "डॉक्टर, ही राहणार खोल पाण्यात. तुम्ही तिच्यापर्यंत जाणार कसे, पोहत?" आणि त्या उरलेल्या फळ्यांतून त्याने मला बारा दिवसांत ठोकून काढलं. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी, एकाच झाडाच्या. ती थोरली, मी धाकटी. तिला पाण्यात सोडताना सगळं बंदर जमलं होतं. मला सोडताना सुतार एकटाच होता आणि तोही घाईत होता.

माझं काम साधं होतं. धक्क्यावरून डॉक्टरांना थोरलीपर्यंत न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. थोरली फिरायला निघाली की मी तिच्या मागे दोराने बांधलेली. तिच्या पितळेला दर रविवारी लकाकी. मला मात्र तिचा उरलासुरला रंग, डब्याच्या तळाशी राहिलेला. फट पडली? "लाव रे तिथे थोडं डांबर, चालतंय." मित्रांनो, 'चालतंय' हा शब्द मी इतका ऐकला आहे की तेच माझं नाव आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आणि थोरलीचं कौतुक तरी किती! डॉक्टरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर तिचे फोटो होते. रोग्याच्या तोंडात हत्यारं घालून झाली की डॉक्टर विचारायचे, "कशी आहे आमची नौका?" बिचारा रोगी "आऽ आऽ" करायचा. डॉक्टर संध्याकाळी धक्क्यावर येऊन सांगायचे, "आज सात जणांना आवडली."

धक्क्यावरच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक वकील बसायचे. त्यांचीही नौका होती. दोघं जीवश्चकंठश्च मित्र, पण तोंडं आपापल्या नौकेकडे.

"डॉक्टर, तुमचं शीड आज जरा ढिलं दिसतंय," वकील म्हणायचे.

"ढिलं नाही हो, निवांत आहे. तुमचंच बघा, न्यायाधीशासमोर उभं राहिल्यासारखं ताठ!"

त्या बाकाखालीच मला बांधलेलं असे. माझ्याबद्दल कधी एक अक्षर निघालं नाही. वाईटसुद्धा नाही. वाईट म्हणायलाही आधी बघावं लागतं ना!

पण माझ्या खऱ्या जळफळाटाचं कारण ते फोटो होते. तुम्हीच विचार करा, पाण्यात उभ्या असलेल्या नौकेचा फोटो कुठून काढतात? माझ्यातून! डॉक्टर माझ्या बाकावर उभे राहायचे, मी श्वास रोखून स्थिर राहायचे, आणि फोटो यायचा तिचा. तीस वर्षांत शंभरेक फोटो, आणि मी एकातही नाही. एकदा एका कोपऱ्यात माझ्या वल्ह्याचं टोक आलं होतं. तेही चौकटीत बसवताना कापून टाकलं. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी थोरलीला पाण्यात बघत होते, आणि पाण्याशिवाय बघायला दुसरी जागाही नव्हती.

माझं हे दुःख एका माणसालाच कळत होतं. डॉक्टरांच्या बायकोला. वल्हवणारा नेहमी पाठमोरा जातो, हे तुम्हाला ठाऊक असेल. घरी परतताना डॉक्टर वल्हवायचे, तेव्हा त्यांचं तोंड मागे राहिलेल्या थोरलीकडे असायचं. बाई मागच्या बाकावर त्यांच्या समोर बसायच्या. डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायचे. बाई काहीबाही सांगायच्या, डॉक्टर "हं, हं" करायचे. एकदा बाईंनी माझ्या कडेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "आपल्या दोघींची एकच सवत आहे गं." तेव्हापासून मी त्यांना माझ्या मानते.

मग डॉक्टरांचा उजवा खांदा गेला. शीड ओढता येईना, वल्हं मारता येईना. दोन वर्षं त्यांनी ओढून काढली आणि शेवटी थोरली विकायची ठरली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एकदाची जाते, मी मनात म्हटलं. आता दवाखान्याची भिंतही रिकामी होईल आणि धक्क्यावरच्या बाकावरच्या गप्पाही माझ्याच होतील.

घेणारा एक तरुण इंजिनिअर होता. धक्क्यावर उभा राहून तो हातातली यादी वाचत होता. शिडं, दोर, नांगर. डॉक्टर एकेका वस्तूवर अडत होते. "तो पितळी दिवा नीट ठेवा हं. ती दोरी ओली ठेवू नका." मग इंजिनिअरने माझ्याकडे बोट केलं. "आणि ही?"

"ती सोबत धरा," डॉक्टर म्हणाले.

"नको हो. माझ्याकडे रबरी आहे, मोटर लावलेली. ही गळतेय सगळी. फोडून टाका, जळणाला तरी होईल."

मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं. पितळी दिव्यासाठी पाव तास भांडलेला माणूस. आता काहीतरी बोलेल, मला वाटलं. पण त्यांची नजर दूर थोरलीवर होती. ते म्हणाले, "हं. फोडू."

मित्रांनो, गळती लागलेल्या होडीलाही रडू येतं. फक्त पाणी आधीच आत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

"हात तर लावून बघा तिला!" बाई कडाडल्या. डॉक्टर दचकले. वकीलही बाकावरून उठले. "तीस वर्षं तुम्हाला त्या नौकेपर्यंत कुणी नेलं हो? भर वाऱ्यात घरी कुणी आणलं? तुमची नौका तुम्ही विका. ही होडी माझी आहे. खोडा तिला त्या यादीतून!"

"अगं पण तिचं करायचं काय? मला वल्हवता येत नाही."

"मला येतं. तीस वर्षं समोर बसून तेच तर बघितलंय."

थोरलीला निरोप द्यायला त्या दिवशी बाईंनीच मला वल्हवत नेलं. वाकडंतिकडं, एकदा वकिलांच्या नौकेला धडकवत, पण नेलं. आमच्याबरोबर आलेला इंजिनिअर थोरलीवर चढला. डॉक्टरांनी तिच्या कडेवर एकदा हात फिरवला, आणि आम्ही परत फिरलो.

आता वल्ही बाईंच्या हातात. म्हणजे डॉक्टर मागच्या बाकावर, थोरलीकडे पाठ करून. त्यांनी मान वळवली तशी मी डुगडुगले. "हलू नका, बुडू आपण!" बाई म्हणाल्या. बिचाऱ्यांनी मान पुन्हा समोर वळवली. समोर बायको, खाली मी, बघायला तिसरं काहीच नाही. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात माझ्या फळीवरून फिरवला, अगदी सुताराकडे फिरवायचे तसा.

"अगं, हे तिचंच लाकूड. मी विसरलोच होतो."

"तुम्ही बरंच काही विसरला होतात," बाई म्हणाल्या. पण त्यांची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. थोरलीने शीड उभारलं होतं. बाईंची वल्ही थांबली. "काय देखणी आहे हो मेली!" त्या म्हणाल्या. डॉक्टर इतके हसले की दुखरा खांदा धरून बसले. मीही बघितलं, मित्रांनो. होती देखणी. एवढं एकदाच कबूल करते, पुन्हा विचारू नका.

इतक्यात थोरलीवरून इंजिनिअर ओरडला, "डॉक्टर, इकडे बघा!" आणि त्याने फोटो काढला.

तो फोटो पुढे बाईंनी धक्क्यावर आणून वकिलांना दाखवला. माझी फट आता नीट बुजवली आहे, दर रविवारी डॉक्टर माझे बाक पुसतात, आणि मी धक्क्यावरच्या बाकाखाली बांधलेलीच असते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी 'चालतंय' असेल. जुनी सायकल असेल, शिडी असेल, किंवा रोज तुम्हाला पोचवणारं एखादं माणूस असेल. भिंतीवर फोटो लावाल, तेव्हा तो कुठे उभं राहून काढला तेही जरा आठवा. ती जागा कुणीतरी तुमच्यासाठी हलू न देता धरून ठेवलेली असते.

वकिलांनी फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला. "डॉक्टर आहेत, तुम्ही आहात, होडी छान आलीय. पण नौका कुठे आहे यात?"

"ती नाही आली यात," बाई म्हणाल्या.