तिसऱ्या पानावरचं ऊन

जमुनानं सुईत दोरा ओवला, शेवंतीचं पहिलं फूल घातलं आणि तिसऱ्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

“मावळत्या सूर्याची किरणं भाल्यासारखी खुशालरावांच्या डोळ्यांत घुसली...” दुसरं फूल. “आणि त्या एका निमिषात, हाय, चार महिन्यांची तपश्चर्या मातीला मिळाली!” ‘हाय’ म्हणताना सुईचा हात आपोआप छातीशी गेला.

“टोचशीन स्वतःले,” आत्या म्हणाली. गंगूबाई आत्याच्या हाताखालून तेवढ्यात अर्धा हार निघालासुद्धा होता. “फुलाले काय सांगून राहिली वं? त्याले मॅच समजते का?”

“पाठ करून राहिली, आत्या. चार वाजता वाचा लागते. कॉलेजच्या मंडपात, सगळ्याईसमोर!”

“मालूम आहे. बडनेऱ्यापर्यंत मालूम आहे लोकाईले. तुयाच तोंडून.”

जमुना हसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. पंधरा दिवस तिचं असंच चाललं होतं. एका जागी बूड टेकत नव्हतं. दुर्गाबाईंनी आठवीच्या मुलींना ‘न विसरता येणारा प्रसंग’ या विषयावर दोन पानं लिहायला सांगितली होती. बाकीच्या मुलींनी चिखलदऱ्याची सहल लिहिली. जमुनानं नऊ पानं लिहिली, आणि तीही कॉलेजच्या फुटबॉलवर. अमरावतीच्या कॉलेजचा अख्खा सीझन, गणपतीपासून संक्रांतीपर्यंतचा. दुर्गाबाईंचे यजमान त्याच कॉलेजात शिकवत. वही बाईंच्या घरून कॉलेजात गेली, कॉलेजातून वसतिगृहात गेली. कॅप्टन भगवंतरावांनी म्हणे ती टेबलावर उभं राहून वाचली. आणि मग जिमखान्याचं पत्र आलं, की संघाच्या सत्कार समारंभात हा लेख लेखिकेनंच वाचावा. लेखिका! हा शब्द तिनं वहीच्या मागच्या पानावर बारा वेळा लिहून पाहिला होता.

लोकांना नवल याचं वाटलं की एका मुलीला हे सगळं दिसलं कुठून. त्यात नवल काहीच नव्हतं. तिच्या बापाचा, नत्थुजींचा, मळा मैदानाला लागून होता आणि विहिरीवरची मोटेची धाव, बैलांनी मोट ओढायचा उतार, चांगली पुरुषभर उंच. सामना असला की जमुना बापाच्या हातातून कासरा घेई. “मी हाकतो बैलं, बाबा,” म्हणे, आणि धावेच्या माथ्यावरून सगळं मैदान तळहातासारखं बघे. बैलांसोबत उतारावर गेली की मैदान पाठीमागे राही. तेव्हा ती नुसती ऐके. अमरावतीची निम्मी पोरं घोट्याला पट्ट्या बांधून अनवाणी खेळत, नागपूरवाल्यांना बूट होते. अनवाणी पायाचा आवाज वेगळा, बुटाचा वेगळा, आणि गोलकीपर खुशालरावांच्या पंजात बॉल बसल्याचा तर अगदीच वेगळा, ओल्या कणकेवर थाप पडल्यासारखा. जबलपूरच्या सामन्यात तीन गोल झाले तेव्हा मोट भरून तशीच लटकत राहिली आणि आत्यानं चार दिवस वांग्यांच्या वाफ्यावरून तिचा उद्धार केला.

पण ऐकलेलं तिनं वहीत लिहिलं नव्हतं. लेखात सगळीकडे ‘मी पाहिलं’ होतं. ‘मी ऐकलं’ हे कसं दिसलं असतं?

मळ्याच्या फाटकाशी सायकल थांबली.

जमुनानं मान वर केली आणि सुई खरंच बोटात गेली. खुशालराव होते. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. धावेवरून ते लहान दिसत, दोन खांबांमधला एक पांढरा ठिपका. इथे ते फाटकाला वाकून आत आले आणि कपाळाला लागणारी पेरूची फांदी त्यांनी हातानं अलगद बाजूला केली.

“नत्थुजी आहेत?”

“भाऊ मंडपात गेले, पानं बांधाले,” आत्या म्हणाली. “बस ना बाबू. तिवस्याचा ना तू? शेषरावचा पोरगा?”

“हाव, मावशी.”

“बरा आहे तुहा बाप? हरभरा कसा आहे औंदा?”

“हरभरा चांगला आहे.” ते बसले नाहीत. जमुनाकडे वळले. “ते पानं तूच लिवले ना?”

तिनं मान हलवली.

“चांगलं लिवलं. माह्या बापानं गावात चौघाईले वाचून दाखोलं. भगवंता महिनाभर माह्यासंग बोलत नोता, तोबी बोलाले लागला. म्हणते, अरे, उन्हाले कोण काय करन!”

जमुनाचा चेहरा फुलला. हेच तर तिला हवं होतं. त्या एका वाक्यासाठी तिनं तीन कागद फाडले होते.

खुशालरावांनी टोपलीतलं एक फूल उचललं, परत ठेवलं.

“पण अकोल्याले फायनलच्या दुसऱ्या हाफात माहा गोल मावळतीच्या बाजूनं होता, बाई. ऊन माह्या पाठीवर होतं.”

आत्याची बोटं थांबली. मग पुन्हा चालू लागली.

“वाचू नको म्हणाले नाई आलो मी,” ते घाईनं म्हणाले. “तू मायेनं लिवलं, मले समजते. मले दुसरंच विचारा लागते. तुले सगळं दिसते म्हणतात, तू पाहिलं असशीन. तो शेवटचा बॉल आला तवा माहे हात पुढे आल्ते, का अंगाशीच राहिले?”

“मंजे?”

“मंजे मले आठोत नाई. बॉल येताना दिसला, एवढं आठोते. मंग लोकं नाचत होते. मधातलं काईच नाई. भगवंतानं तवाच म्हटलं होतं, का तू खांबासारखा उभा राहिला, हातच उचलले नाई. हातातून सुटला असन तर सुटला. पण उचललेच नसन तर...” त्यांनी स्वतःचे पंजे पाहिले. “पुढच्या साली मी टीममधी राहतो का नाई, हे तेच्यावर आहे. भगवंताचं नाई, माहं मीच ठरवून राहिलो.”

“पुढे आल्ते,” जमुना म्हणाली.

“पक्कं?”

“पक्कं. म्या पाहिलं ना.”

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यातून काहीतरी उतरलं. “बरं झालं बाप्पा,” एवढं म्हणून ते सायकलीकडे गेले. फांदी पुन्हा हातानंच बाजूला केली.

सायकल दिसेनाशी झाल्यावर आत्यानं दोरा दातानं तोडला.

“काहून वं? कवा पाहिलं तू?”

जमुनानं टोचलेलं बोट तोंडात घातलं. आत्याला काय सांगायचं! नत्थुजींचा नेमच होता की सामना जिंकायच्या आधी हार खेळाडूंच्या दृष्टीस पडू द्यायचे नाहीत. अमरावतीला हार मळ्यातच राहत. अकोल्याला नागपूरशी झालेल्या अंतिम सामन्याला मात्र ते टोपलीतून न्यावे लागले, आणि टोपलीपाशी बसायचं काम दर वेळी आत्याचं. पण तिला ताप भरला म्हणून जमुना गेली. गाडीत सगळ्यांनी तिला पाहिलं. मूर्तिजापूरला भगवंतरावांनी सगळ्यांसोबत तिलाही चहा पाजला. मग ती सामना बघायला आली नाही, असं कोणाच्या मनात तरी कसं यावं? ती तर वाटेत सगळ्यात जास्त ओरडत होती! अकोल्याला बापानं तिला मैदानाच्या कडेच्या कापसाच्या जिनामागे, सरकी काढायच्या कारखान्यामागे नेलं, भिंतीला टेकवून बसवलं, ओलं फडकं टोपलीवर टाकलं आणि सांगितलं, “बलावल्याशिवाय हालजो नको.”

कोणी बोलावलं नाही. येताना मोर्णेच्या पुलावरून नत्थुजींनी अकरा हार पाण्यात सोडले. नागपूरवाले मागत होते, त्यांना दिले नाहीत.

दुपार सरता सरेना. जमुनानं वेणी दोनदा घातली, दोनदा सोडली. तिसरं पान काढून पाहिलं, पुन्हा वहीत घातलं. वाक्य तसंच होतं, सुंदर होतं. ते वाचलं की टाळ्या पडणार होत्या. भगवंतराव खुशालरावांच्या पाठीवर थाप मारणार होते. आणि खुशालराव? ते ‘पक्कं’ घेऊन गेले होते. दोन खोटी वाक्यं, आणि दोन्हींनी सगळ्यांचं भलं! मग ते पान पुन्हा उघडायला मन का धजत नव्हतं?

मंडपात चार ओळी खुर्च्या होत्या, मागे सतरंज्या. जिमखान्याचे अध्यक्ष उत्तमराव वकील मध्ये, शेजारी अंतिम सामन्यापर्यंत पोचल्याबद्दल घालायच्या हारांनी भरलेलं ताट. संघ उजवीकडे. खुशालराव सर्वांत शेवटी, हात मांडीखाली दाबून. दुर्गाबाईंनी जमुनाच्या कानाशी सांगितलं, “सावकाश वाचायचं. आणि हातवारे कमी.”

पहिलं पान तिनं दणक्यात वाचलं. मोटेचा, वांग्यांचा भाग आला तेव्हा सतरंजीवर हशा पिकला. दुसऱ्या पानावर जबलपूरचे तीन गोल, त्याला टाळ्या. आवाज कसा स्वच्छ जात होता, शेवटच्या कनातीपर्यंत! तिनं पान उलटलं.

भगवंतराव पुढे सरकून बसले. त्यांना ते वाक्य पाठ होतं, ओठ आधीच हलत होते.

“मावळत्या सूर्याची किरणं...” जमुना म्हणाली, आणि थांबली.

कोणीतरी खोकलं. दुर्गाबाईंनी भुवया उचलल्या.

“हे मी पाहिलं नाही,” ती म्हणाली.

आवाज एवढा लहान निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. “अकोल्याचा सामना मी पाहिला नाही. मी गेले होते, पण मी जिनाच्या भिंतीमागे हारांपाशी बसले होते. ऊन होतं ते माझ्या डोळ्यांत होतं. माझं तोंड मावळतीकडे होतं. मैदान पाठीमागे होतं.”

मंडपात कुजबूज उठली. मागच्या बाजूला कोणी तरी “हात तिच्या!” म्हणालं आणि दोघं-चौघं हसले. दुर्गाबाईंचा चेहरा लाल झाला होता. जमुनाचे कान इतके तापले की तिला वाटलं ते सगळ्यांना दिसतायत. खाली बसावं, मळ्यात पळावं. पण पाय मात्र जागचे हलेनात. पंधरा दिवस एका जागी न ठरलेली ती, आज नेमकी इथे उभी राहिली.

“पण मी ऐकलं,” ती म्हणाली.

कुजबूज थांबली नाही. तिनं आवाज चढवला, धावेवरून बैलांना हाक देताना चढवते तसा.

“शिट्टी वाजली, तेव्हा सगळे गप्प झाले. फ्री किक होती ना? एक माणूस बोलत नव्हता. जिनाचं यंत्रही बंद होतं. मग बुटाचा आवाज आला. नागपूरवाल्याचा, बुटाचाच. आणि त्याच्या मागून लगेच...” ती थांबली. आत्ता, या क्षणापर्यंत, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. “लगेच थाप आली. पंजाची. ओल्या कणकेवर पडते तशी. मला वाटलं धरला! मी टोपलीवरचं फडकं काढलं. हार हातात घेतला. आणि मग लोक ओरडले, पण ते आपले लोक नव्हते.”

मागे हसलेले आता माना उंचावून बघत होते.

“तो आवाज मी चार महिने ऐकला आहे. तो मला फसवत नाही.”

पुढची सहा पानं तिनं वाचली नाहीत. तशीच घडी घालून खाली उतरली. टाळ्या पडल्या, पण तुटक. काही जणांनी दिल्या, काहींनी एकमेकांकडे बघितलं. दुर्गाबाईंनी खुर्चीवरची आपली शाल उचलून तिला बसायला जागा केली. ती बसली नाही. नत्थुजींनी कनातीपासून खुणावलं तशी ती ताट धरायला गेली.

उत्तमराव एकेक हार उचलत, खेळाडू मान झुकवत. भगवंतरावांनी हार घालून घेतला आणि ताटाकडे न बघता जमुनाला विचारलं, “थाप आली होती? नक्की?”

“आली होती.”

ते पुढे सरकले. चार पावलांवर थांबून मागे वळले आणि रांगेच्या शेवटाकडे बघत राहिले.

खुशालराव शेवटचे. उत्तमरावांनी अकरावा हार उचलला, दोन्ही हातांनी पसरला आणि त्यांची मान खाली येण्याची वाट पाहिली. मान खाली आली नाही. खुशालरावांनी आधी आपल्या पंजांकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले आणि हार हातांतच घेतला, बोटं मिटून, नीट.