ब्रिन ग्वलानची खिंड

माबलीला दुपारची झोप लागली की नेस्ता कॉम्प्युटर उघडायची. पोर उठेपर्यंत काय तो वेळ तिचा. विमानातून सोडलेल्या लेसरनं साऱ्या वेल्सची जमीन टिपून ठेवली होती, आणि त्यावरून टेकड्या तपासायचं काम नेस्ता आणि तिच्यासारखी चार वेडी माणसं घरबसल्या करत होती. नियम साधा. माथ्यापासून शेजारच्या खिंडीपर्यंत तीस मीटर उतार भरला तर ती स्वतंत्र टेकडी, तिला यादीत जागा. नाही भरला, तर ती नुसता शेजारणीचा खांदा.

आज ब्रिन ग्वलानची पाळी होती. नेस्तानं ती मुद्दाम मागे मागे सारत आणली होती.

ही टेकडी तिच्या आईवडिलांची. नकाशावर तिला नावसुद्धा नव्हतं. अशा वेळी रिवाज असा, की पायथ्याच्या शेतकऱ्याला जाऊन विचारायचं. ते काम आईचं, तेगवेनचं. कारण वडिलांना, इदवालला, परक्याशी बोलवत नसे आणि तिला गप्प बसवत नसे. मेंढ्या कुंपणाला अंग घासतात, तारांना लोकर लटकते, म्हणून ब्रिन ग्वलान, ‘लोकरीची टेकडी’, असं एका म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, आणि ते नाव पुढे नकाशावर चढलं. मग इदवालनं तिवईवर दुर्बीण लावली, तेगवेन खिंडीतल्या दलदलीत मापकाठी धरून उभी राहिली, आणि उतार तीस मीटरला जेमतेम पुरला. दोघांचं ते शेवटचं माप. ते दिवस पानगळीचे होते. नाताळात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि कोकरं जन्मायच्या दिवसांत तेगवेन गेली. राख त्या टेकडीवरच्याच वाऱ्यावर सोडली.

नेस्तानं खिंड पाहिली. पुन्हा पाहिली. माथा वडिलांनी मोजला तेवढाच भरत होता. खिंड मात्र हातभर वर होती. उतार साडेएकोणतीस.

तिला वाटलं, कॉम्प्युटर बंद करावा आणि चहा टाकावा. कोण विचारणार होतं? पण विचारणारा दारातच बूट काढत होता.

“काय गं, लावलास का आमच्या टेकडीला सुरुंग?” इदवाल म्हणाला. दर आठवड्याला तो हेच विचारायचा. आवाजानं माबली उठली, तशी तिला त्यानं कडेवर घेतलं आणि आजोबांच्या नाकावर तिनं चापट मारली. नेस्ता हसली नाही. ते त्यानं पाहिलं आणि पोरीसकट कॉम्प्युटरपुढे येऊन बसला.

खिंडीचा आकडा त्यानं बोट ठेवून वाचला.

“जागा चुकली असेल, टाड,” नेस्ता वडिलांना म्हणाली.

“जागा तीच. मीच ठरवलेली.”

“मग लेसरचंच काही...”

“लेसर दलदलीत रुतत नाही, पोरी. काठी रुतते.”

मऊ जमिनीत काठीखाली लोखंडाची जाड चकती ठेवायची, हे नेस्ता सहा वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. ती चकती नेहमी आईच्या पिशवीत. त्या दिवशी मात्र आई म्हणाली, गाडीत राहिली वाटतं. इदवालनं तिला उतरेपर्यंत चिडवलं होतं, की पुढच्या खेपेला डोकंही गाडीत ठेवून ये. आणि ती म्हणाली होती, ठेवते, तेवढंच ओझं कमी.

“ती चकती मला नंतर गाडीत सापडली,” इदवाल म्हणाला. “तिच्या मफलरमध्ये गुंडाळलेली. मला वाटलं, विसरली.”

“विसरलीच असेल.”

“विसरणारा माणूस गुंडाळून ठेवतो का? गाडीत वाजली असती तर मला आठवण झाली असती.”

“पण चकती नसली तरी हातभर नाही जात काठी,” नेस्ता बोलून गेली. “मी किती वेळा धरलीय. जोपर्यंत कुणी तिच्यावर...” जीभ आवरायला उशीर झाला होता.

इदवालनं माबलीला हलकेच खाली ठेवलं.

“भार दिला होता तिनं,” तो म्हणाला. “चकती उचलवत नव्हती आणि उभंही राहवत नव्हतं तिला. आणि दुर्बिणीत मला नुसती काठी दिसत होती. आकडे आणि तिचा हातमोजा. काठी डुलत होती, तर मी लांबून ओरडलो, हलू नको म्हणून.”

चुलीवर काही नव्हतं, तरी नेस्ता स्वयंपाकघरात जाऊन आली. परत आली तेव्हा तो तसाच बसला होता.

“राहू दे यादीत,” ती म्हणाली. “कुणाचं काही बिघडत नाही.”

“काढ.”

“टाड, माझ्याच्यानं नाही होणार.”

“काढ, कारियाद, लाडके. आयुष्यात एकदाच लबाडी केली तिनं, तीही माझी फेरी फुकट जाऊ नये म्हणून. ती जगाच्या माथी मारायची नाही.” मग त्यानं विचारलं, “नाव तरी राहील ना?”

“नाव राहील. नकाशावर राहील.”

नेस्तानं टेकडी यादीतून काढली. कारण लिहायची जागा होती. काय लिहू, असं तिनं विचारलं.

“खिंडीत जमीन मऊ,” इदवाल म्हणाला.

ती लिहीत असताना माबली रांगत आली, आजोबांची विजार धरून उठली आणि सगळा भार त्याच्या गुडघ्यावर टाकून डुलत उभी राहिली. इदवालनं तिला सावरलं नाही, काही म्हटलंही नाही. फक्त पाय जागचा हलू दिला नाही, ती आपणहून खाली बसेपर्यंत.