दार उघडं ठेवा

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगची पळापळ होऊन गेल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. योगराजला काही येत नव्हतं असं नाही हो! बीकॉमचे हिशेब त्याने झोपेतून उठूनसुद्धा सांगितले असते. पण मुलाखतीला बसला की डोकं असं भरकटायचं की पुसू नका. साहेब प्रश्न विचारतोय आणि याचं लक्ष पंख्याच्या पात्यांत, नाहीतर साहेबाच्या कानावरच्या केसांत. मग “काय म्हणालात?” एकदा ठीक, दोनदा ठीक, तिसऱ्यांदा कोण ऐकून घेईल? सचिन भागातल्या एका मिलवाल्याने हाकललं, पांडेसरा भागातल्या दुसऱ्याने हसून हाकललं.

आई, उषाबाई, म्हणायची लक्ष दे. शेजारीपाजारीही तेच. अरे, लक्ष काय खिशात ठेवलंय काढून द्यायला? त्याला स्वतःचाच वीट आला होता.

आणि आबा. त्याच्या वडिलांची, धुडकूआबांची, सगळी हयात लिंबायतला लूमवर, कापड विणायच्या यंत्रावर, गेली. खडखडाटाने कान गेले. आपला पोरगा मात्र एसीच्या गारव्यात, शांत बसून काम करणार, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. याही खेपेला जमलं नाही तर त्याला लूमवर न्यावं लागणार होतं, आणि त्या विचाराने आबांना जेवण जात नव्हतं.

या खेपेची जागा होती एका कापड रंगवायच्या मिलमध्ये, कारकुनाची. योगराज शेठच्या केबिनमध्ये शिरला, मागे काचेचं दार लागलं आणि मशीनचा आवाज बंद झाला. झालं! एसीची घरघर, शेठच्या अंगठ्या, बाहेर कुणाची तरी चालू न होणारी स्कूटर, सगळं एकदम डोक्यात घुसलं. शेठ गुजरातीत काहीतरी विचारून वाट पाहत होते. याला प्रश्नातला एकही शब्द आठवेना.

तेव्हा मात्र त्याचं टाळकं सरकलं. सगळा अभ्यास त्याने लूमच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून केला होता, त्या खडखडाटात. तिथे कधी एक ओळ हुकली नव्हती.

“शेठ, दार उघडं ठेवाल?” तो म्हणाला. “शांततेत मला काही सुचत नाही. आवाज असला की डोकं जागेवर राहतं.”

शेठने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार उघडायला लावलं. धडधड आत आली. मग शेठ तोंडी हिशेब घालत गेले आणि हा फटाफट सांगत गेला. शेवटी शेठच दमले. म्हणाले, दार उघडं ठेवून मी काही एसी वाया घालवणार नाही. मशीनखात्यात टेबल टाकून देतो, तिथे एकही कारकून टिकत नाही, बसशील? योगराज लगेच हो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने आबांच्या कानाशी ओरडून बातमी सांगितली. आबांचा चेहरा फुलला.

“एसी शे ना?” आबांनी घरच्या बोलीत विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण खरं बोलून आज पहिल्यांदा काम झालं होतं.

“नही आबा. मशीनजोडे टेबल शे. माले गोंगाटमाच सुचस.”

आबांना ऐकू गेलं नाही. मग तेच त्याला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पुन्हा सांगावं लागलं.



“ज्या आवाजमा मना कान गयात,” ते म्हणाले, “तठेच जाईसन बसशी तू?”

मशीनच्या आवाजाशिवाय आयुष्यात हा एकच प्रश्न योगराजने पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत नीट ऐकला होता.